बाहेरून येईल त्यालाच अनुदान? नुनावुतमधून एक खुलं पत्र

नोव्हेंबर २०२५

प्रति,
कॅनडाच्या संघ सरकारात उत्तरेचा आणि इनुइट सेवांचा कारभार पाहणारे मंत्री, ओटावा,
आणि
नुनावुतच्या विधिमंडळाचे नव्याने निवडून आलेले सदस्य, इकालुइत

सप्रेम नमस्कार.

हेच पत्र इंग्रजीत आपल्या कचेऱ्यांकडे गेलं आहे आणि ते पोचल्याचं आपोआप येणारं उत्तरही मिळालं आहे. शेजारणीने ते इनुक्टिटुटमध्ये, म्हणजे इथल्या मूळच्या इनुइट लोकांच्या भाषेत, करून दिलं. ते सहकारी दुकानाच्या फळ्यावर लागलं. तेच मराठीत पुन्हा लिहायला बसले, ते आपल्या देशातल्या माझ्या माणसांसाठी. टोरांटो, ब्रॅम्प्टन, कॅलगरीत हजारो मराठी कुटुंबं आहेत. ती आपल्याला कर देतात, मत देतात, गणपतीत आपल्या खासदारांना आरतीला बोलावतात. अशाच एका पंगतीत, ताटात शिरा वाढता वाढता, एका सद्गृहस्थांनी मला सांगितलं होतं, "तिकडच्या लोकांचं काय, सरकार पोसतंय त्यांना." तेव्हा मी गप्प बसले. ते उत्तर आज देते, आणि आपल्याला उद्देशून देते, कारण कोण कुणाला पोसतं याचा हिशेब आपल्याच दप्तरात आहे.

मी मूळची राजापूर तालुक्यातली. बॅफिन बेटाच्या उत्तर भागातल्या एका गावात गेली अकरा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते. नवरा गावच्या डिझेल वीजकेंद्रात यंत्रं सांभाळतो. आलो होतो दोन वर्षांच्या करारावर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हजाराच्या आतबाहेर वस्ती असलेल्या ठिकाणी कोण कुणाविषयी बोलतंय हे झाकून राहत नाही, आणि मला उद्या त्याच वर्गात उभं राहायचं आहे.

आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टी वाचणाऱ्यांसाठी दोन ओळींत सांगते. नुनावुत हा कॅनडाच्या उत्तर टोकाचा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. महाराष्ट्राच्या सहापट जमीन, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं ३७ हजारांच्याही किंचित खाली. गावं पंचवीस. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता नाही, आणि बाहेरच्या कॅनडाला जोडणाराही नाही. विमान वर्षभर, हवामानाची मर्जी असेल तर. जहाज फक्त उन्हाळ्यात, समुद्र मोकळा असतो तेवढेच दिवस.

या जहाजाला इथे सीलिफ्ट म्हणतात. पहिल्या वर्षी ते बघून मला माझी आजी आठवली. आमच्याकडे मृगाआधी आगोट भरतात: तांदूळ, सुकी मासळी, मीठ, आमसुलं, सरपण, सगळं पडवीत नि माळ्यावर. मग चार महिने समुद्राकडे आणि रस्त्याकडे बघायचं नाही. इथली आगोट ऑगस्ट-सप्टेंबरात येते. वसंतात यादी करायची, पैसे आधी भरायचे, आणि मग एके दिवशी भरतीच्या वेळी तराफा लाकडी खोकी घेऊन किनाऱ्याला लागतो. माझ्या खोक्यात वर्षाची तूरडाळ, पीठ, तेल असतं. गावच्या टाक्यांत त्याच सुमारास वर्षाचं डिझेल भरलं जातं.

अकरा वर्षं ही खोकी उघडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली, आणि या पत्रात मला तेवढीच सांगायची आहे. आपण उत्तरेसाठी पैसे देत नाही, असं नाही, भरपूर देता. पण तो पैसा जे बाहेरून येतं त्याला मिळतो. डिझेलला मिळतो, डबाबंद अन्नाला मिळतो, विमानाच्या तिकिटाला मिळतो, माझ्यासारख्या दक्षिणेतून आणलेल्या मास्तरणीला मिळतो. जे इथलंच आहे, म्हणजे इथला वारा, इथली नदी, सील, मासा, इथली भाषा, इथली हुशार पोरं, त्यांच्या वाट्याला पथदर्शी प्रकल्प येतो. तोही एकतीस मार्चला संपणारा.

एकतीस मार्चचं निमित्त सांगते. ‘इनुइट चाइल्ड फर्स्ट’ या योजनेतून गावोगावच्या पालिकांमार्फत प्रत्येक मुलामागे महिन्याला ५०० डॉलरचं अन्नाचं व्हाउचर मिळत होतं. चार वर्षांखालच्या बाळांसाठी आणखी २५०. ३१ मार्च २०२५ ला ते बंद झालं. त्याच सुमारास गावच्या सभागृहात एक बैठक झाली. दक्षिणेतून आलेले एक अधिकारी पडद्यावर तक्ते दाखवत होते. ही योजना शाश्वत नव्हती, उत्तरेला शाश्वत मार्गाकडे जावं लागेल, असं ते पाच मिनिटं बोलले. दुभाषी बाई थोडं थांबली आणि दोन शब्द बोलून खाली बसली. सभागृह हसलं. मी नंतर तिला विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "पैसे संपले."

त्या व्हाउचरविषयी माझं मत फार चांगलं नव्हतं, हेही सांगून टाकते. पैसा गावात यायचा आणि आठवड्याच्या आत त्याच एक-दोन दुकानांच्या गल्ल्यातून दक्षिणेला परत जायचा. पण त्या महिन्यांत माझ्या वर्गातली मुलं दुसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवत नव्हती. एप्रिलपासून पुन्हा टेकवू लागली. शाळेच्या न्याहारीची रांग लांबली. मोठी भावंडं पोळीचा तुकडा धाकट्यासाठी खिशात घालताना मी पाहिली आहेत आणि न पाहिल्यासारखं केलं आहे. दुसरी व्यवस्था उभी करण्याआधी पहिली काढून घ्यायची, याला आमच्याकडे शिडी काढून घेणं म्हणतात.

आता अन्नाचंच बोलू, कारण तिथे हिशेब सगळ्यात स्पष्ट आहे.

२०११ पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ ही आपली योजना आहे. बाहेरून येणाऱ्या दूध, भाजी, पिठाच्या वाहतुकीला अनुदान. ते ग्राहकाला नाही, दुकानदाराला. दुकानदाराने त्या प्रमाणात भाव उतरवायचा. तो पूर्ण उतरवतो का, हे खात्याने तपासलेलंच नाही, असं आपल्याच महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात लिहिलं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं तेव्हा अनुदानाच्या एका डॉलरमागे भाव साधारण दोन तृतीयांश डॉलरनेच उतरतो, आणि जिथे एकच दुकान आहे तिथे त्याहूनही कमी, असं निघालं. म्हणजे उरलेले पैसे कुठे मुरतात? सद्गृहस्थांनी ज्याला ‘पोसणं’ म्हटलं, त्यातला एक तुकडा अशा रीतीने परत दक्षिणेतच पोसला जातो.

आणि एक गोष्ट तक्त्यांत कधी दिसत नाही. सीलिफ्टचा माल दुकानातल्यापेक्षा खूप स्वस्त पडतो, पण त्यासाठी वसंतात काही हजार डॉलर एकरकमी भरावे लागतात, क्रेडिट कार्ड लागतं, आणि खोकी ठेवायला जागा लागते. माझ्याकडे तिन्ही आहेत. शेजारच्या घरात दोन खोल्यांत नऊ माणसं आहेत. त्यांनी खोकं कुठे ठेवायचं? म्हणून आगोट भरतो पगारदार, आणि सगळ्यात महाग दूध विकत घेतो तो, ज्याच्याकडे आठवड्याचेच पैसे आहेत.

त्या नऊ माणसांच्या घरातला एक मुलगा, माझा माजी विद्यार्थी, गेल्या हिवाळ्यात एकटा जाऊन सील घेऊन आला. मांस पाच घरांत वाटलं गेलं. आमच्या दारातही कलेजीचा तुकडा आला. ताज्या सीलमध्ये जे लोह आहे, ते दुकानातल्या कुठल्या पाकिटात आहे? पण त्या फेरीला लागलेलं पेट्रोल, काडतुसं, स्किडूचा (बर्फावरच्या गाडीचा) तुटलेला पट्टा, हा खर्च त्याच्या खिशातला. २०११ ते २०२० अशी नऊ वर्षं ‘न्यूट्रिशन नॉर्थ’मध्ये शिकाऱ्याच्या या खर्चाला थेट जागाच नव्हती. २०२० मध्ये आपण शिकाऱ्यांसाठी वेगळा निधी सुरू केलात. तो चांगला आहे. गावातल्या शिकारी संघटनेमार्फत येतो, काय हवं ते गावच ठरवतं. पण त्याचा आकार दुकानाच्या अनुदानापुढे पानातल्या लोणच्याएवढा आहे. तो पानातला भात व्हायला हवा.

(सील मारणं क्रूर, असं वाटणाऱ्या वाचकांसाठी: युरोपने २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर बंदी घातली. त्यात इनुइट शिकारीला सूट होती, पण बाजारच मेला, तेव्हा सूट घेऊन करायचं काय? कातडं विकून मिळणारे चार पैसे, ज्यातून पेट्रोल निघायचं, तेही गेले. मी स्वतः मासेखाऊ. इथल्या ‘आर्क्टिक चार’ नावाच्या माशाची आमसूल आणि तिरफळ घालून केलेली आमटी आमच्याकडे जेवलेल्या कुणीही नाकारलेली नाही. तिरफळं मात्र सीलिफ्टने.)

आता नवऱ्याची बाजू. त्याच्या भाषेत सांगायचं तर आमचं गाव म्हणजे एक यंत्र आहे आणि आपण सगळे त्याच्या आत राहतो. पंचवीस गावं, प्रत्येकाचं स्वतःचं डिझेल केंद्र. एक दुसऱ्याला वीज देऊ शकत नाही, कारण मध्ये तारच नाही. विजेसाठी वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या आसपास डिझेल जळतं. घरं तापवायला लागणारं तेल वेगळं. बरीच केंद्रं आपलं ठरलेलं आयुष्य ओलांडून चालली आहेत. २०१५ च्या एप्रिलमध्ये पांगनिर्टुंगचं केंद्र जळालं, तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यानंतर कितीतरी दिवस माझा नवरा रात्री उठून नुसता कान देऊन पडायचा: यंत्राचा आवाज येतोय ना? उणे चाळीसमध्ये तो आवाज थांबला, तर पाण्याचे नळ गोठायला फार वेळ लागत नाही. डिझेलला तो शिव्या देत नाही, कारण आम्हा सगळ्यांना त्यानेच जगवलंय. त्याची तक्रार हिशेबाची आहे.

कुणी पवनचक्की किंवा सौर पट्ट्यांची गोष्ट काढली, की तिची तुलना फक्त वाचलेल्या डिझेलच्या किमतीशी होते. डिझेलची खरी किंमत कुणी मांडत नाही. जहाज, टाक्या, गळती, जमिनीची सफाई, जुनी केंद्रं बदलण्याचा खर्च, बिलांवर दिलं जाणारं अनुदान, हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत पडतं. म्हणून डिझेल स्वस्त दिसतं आणि वारा महाग. हडसन उपसागरातल्या बेटावरच्या सानिकिलुआक गावात, जिथे वारा थांबतच नाही, एका मेगावॅटच्या एका पवनचक्कीसाठी इनुइटांच्या मालकीच्या कंपनीला वर्षानुवर्षे झगडावं लागलं आहे.

आणि होत नाही म्हणावं, तर झालेलं आहे. युकॉनमध्ये ओल्ड क्रो नावाचं अडीचशेच्या आतलं गाव आहे, आर्क्टिक वर्तुळाच्या वर, रस्ता नसलेलं. तिथल्या वुंटुट ग्विचिन लोकांनी २०२१ मध्ये स्वतःच्या मालकीचं सौर केंद्र सुरू केलं. उन्हाळ्यात तिथली डिझेल यंत्रं चक्क बंद ठेवता येतात, आणि विकलेल्या विजेचा पैसा गावाकडे येतो. हिवाळ्यात तिथेही अंधारच असतो, हे मलाही कळतं. आमच्याकडे तर सूर्य आता थेट जानेवारीच्या अखेरीस दिसेल. पण वर्षभराच्या डिझेलमधले उन्हाळ्याचे महिने वाचले तरी ते वाचलेच ना?

दुसरं उदाहरण जास्त बोचणारं आहे. क्युबेक प्रांताच्या उत्तर भागातल्या इनुकजुआक या गावाने २०२३ मध्ये आपल्या नदीवर साडेसात मेगावॅटचं जलविद्युत केंद्र सुरू केलं. त्यात इनुइट संस्थेची निम्मी मालकी आहे. याच इनुकजुआकमधून १९५३ मध्ये संघ सरकारने काही कुटुंबं उचलून दोन हजार किलोमीटर उत्तरेला नेली, आजच्या नुनावुतमधल्या रेझोल्यूट आणि ग्रीस फ्योर्डला. भरपूर शिकार मिळेल असं सांगितलं होतं; त्यांना मिळाला न पाहिलेला अंधार आणि तंबू. आपण २०१० मध्ये त्याची माफी मागितलीत. आज मूळ गावाला नदीची वीज आहे, आणि जिथे नेऊन सोडलं, ती दोन्ही गावं डिझेलवर आहेत. माफीनाम्याच्या पुढचं पान यातच आहे, असं मला वाटतं.

पाण्यावर लांबण लावत नाही. बहुतेक गावांत पाणी ट्रकने घरच्या टाकीत येतं आणि सांडपाणी ट्रकनेच जातं. वादळात ट्रक आला नाही, तर बादलीत बर्फ वितळवायचा. खुद्द राजधानी इकालुइतमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरात नळाच्या पाण्यात इंधन मिसळलं आणि जवळपास साठ दिवस लोकांना ते पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं. दक्षिणेतल्या कुठल्या राजधानीत हे साठ दिवस चाललं असतं?

बाळंतपणाचं मात्र सांगायलाच हवं, कारण ते माझ्यावरून गेलं आहे. इथली गर्भवती तारखेच्या काही आठवडे आधी विमानाने बाहेर पाठवली जाते. मला पाठवलं. नवरा यंत्रं सोडून येऊ शकला नाही. मी पस्तिशीची, शिकलेली, इंग्रजी येणारी. तरी त्या वसतिगृहाच्या खोलीत मी रोज रडत होते. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर एक सतरा वर्षांची मुलगी बसायची. तिला त्या शहरात एकच शब्द नीट येत होता, "ओके". आमच्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. इथे माहेर मागे ठेवून परक्यांत जावं लागतं. तेही नाइलाज म्हणून मान्य केलं असतं. पण उत्तर क्युबेकमधल्या पुविर्निटुक गावात १९८६ पासून इनुइट सुईणी बाळंतपणं करत आल्या आहेत, आपल्याच लोकांना शिकवून, आपल्याच भाषेत. ते गावही रस्त्याविना आहे, तिथेही वादळं होतात. मग जे तिथे जमतं त्यासाठी आमच्याकडे पैसे नाहीत, आणि विमानाच्या तिकिटांसाठी दरवर्षी आहेत, हे कसं?

आता माझ्याविषयी. मीही सीलिफ्टचाच माल आहे. मला येण्याचं भाडं मिळालं, सामानाचं मिळालं, शाळेचं घर मिळालं. माझ्या वर्गात मदतनीस म्हणून काम करणारी बाई माझ्याहून चांगली शिकवते. मुलांचे आजे-पणजे तिला माहीत आहेत, अपूर्णांक शिकवताना ती सीलचे वाटे सांगते, आणि मुलांना ते एका तासात कळतं. तिला शिक्षिका व्हायचंय. पण गावच्या माणसाला नोकरीसोबत घर मिळत नाही, कारण तो ‘इथलाच’ आहे, आणि प्रशिक्षणासाठी राजधानीत जायचं तर मुलांसकट राहायला तिथे जागा नाही. नुनावुतमध्ये निम्म्याहून जास्त इनुइट दाटीवाटीच्या घरांत राहतात. मुलं पाळीपाळीने झोपतात, आणि मग आम्ही शिक्षक हजेरीच्या तक्त्यात लाल शेरे मारतो. क्षयरोग २०३० पर्यंत हद्दपार करण्याचं वचन आपण २०१८ मध्ये दिलंत. क्षयाला कोंदट, भरलेली खोली किती आवडते हे मुंबईच्या चाळीत राहिलेल्या कुणालाही विचारा.

भाषेचंही तसंच. इथे दर सात माणसांत सहा इनुइट आहेत. तरी २०२० च्या कायद्याने इनुक्टिटुट विषय बारावीपर्यंत शिकवण्याची मुदत २०३९ पर्यंत लांबवली. कारण, शिक्षक नाहीत. शिक्षक का नाहीत ते वर सांगितलं. आज पहिलीत असलेली मुलं २०३९ मध्ये विशीत असतील. मी स्वतः गावच्या मराठी शाळेत शिकले. गणित मला येतं ते तिथे, माझ्या भाषेत, अंगणात चिंचोके मांडून समजलं म्हणून. तोच हक्क माझ्या वर्गातल्या मुलांना मी देऊ शकत नाही. मला त्यांची भाषा अकरा वर्षांनीही मोडकीतोडकीच येते, ही लाज माझी. पण तिच्यावर इलाज म्हणून आणखी एक मी आणू नका.

शेवटचा मुद्दा जमिनीचा. जानेवारी २०२४ मध्ये आपण करार केलात: १ एप्रिल २०२७ पासून सरकारी जमीन आणि खनिजांचा कारभार ओटावाकडून नुनावुतकडे येणार. आनंद आहे. पण कागद हलल्याने निर्णय गावात येतो असं नाही. राजापूर तालुक्यातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. २०१० मध्ये जैतापूरच्या अणुप्रकल्पाची जनसुनावणी झाली, तेव्हा अहवाल मराठीत आणि वेळेवर मिळाला नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. माझे काका तेव्हा सुनावणीला गेले होते. बॅफिनवर येऊन क्लाइड रिव्हरच्या शिकाऱ्यांची गोष्ट ऐकली तेव्हा वाटलं, हे तर काकाच बोलतायत. समुद्रात आवाजाचे स्फोट करून तेल शोधायचं होतं. नार्व्हालचं, म्हणजे इथल्या लांब सुळ्याच्या देवमाशाचं, काय होणार, असं गावाने विचारलं. उत्तर म्हणून ३,९२६ पानांचा दस्तऐवज मिळाला. त्यातला थोडाच भाग इनुक्टिटुटमध्ये, आणि इंटरनेट इतकं मंद की तो उतरवून घेणंही मुश्कील. गाव सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१७ मध्ये जिंकलं. मेरी रिव्हरच्या लोखंड खाणीच्या विस्ताराला आपण नोव्हेंबर २०२२ मध्ये नकार दिलात, तोही बरोबर होता. त्याआधी शिकाऱ्यांना फेब्रुवारीच्या थंडीत खाणीची धावपट्टी अडवून बसावं लागलं होतं. प्रत्येक वेळी गावाने न्यायालयात जायचं किंवा बर्फात बसायचं, ही काही कारभाराची पद्धत नव्हे.

आता मागण्या. लांबवत नाही.

मुलांच्या अन्नाचं व्हाउचर पुन्हा सुरू करा, आणि त्याची जागा घेणारी गोष्ट गावात प्रत्यक्ष चालू होईपर्यंत बंद करू नका. दुकानांना मिळणारं अनुदान आणि त्यांचा नफा गावनिहाय जाहीर करा, दरवर्षी. अनुदानाचा मोठा वाटा टप्प्याटप्प्याने शिकारी संघटनांकडे वळवा, आणि सीलिफ्टसाठी बिनव्याजी उचल द्या. हप्ते आम्ही फेडू.

डिझेलवरच्या विजेच्या एका युनिटची सगळी खाती मिळून होणारी किंमत एकदा कागदावर मांडा, आणि गावाच्या मालकीच्या वाऱ्याला, उन्हाला, नदीला तोच दर द्या. सुरुवात ग्रीस फ्योर्ड आणि रेझोल्यूटपासून करा. केंद्रात स्थानिक पोरांना पगारी शिकाऊ म्हणून घ्या. दोन तयार पोरं मिळाली, तर माझा नवरा आनंदाने खुर्ची सोडेल.

नोकरीसोबतचं घर स्थानिक माणसालाही द्या. शिक्षक आणि सुईण प्रशिक्षण गावात आणा. गावाला राजधानीत बोलावू नका. २०३९ हे साल खोडा.

२०२७ च्या हस्तांतरात अशी अट घाला, की इनुक्टिटुटमधला पूर्ण अहवाल गावात पोचल्याशिवाय सुनावणीची तारीख लागणार नाही, आणि स्वतःचा तज्ज्ञ नेमायला गावाला पैसे मिळतील.

आणि बर्फाची जाडी मोजणारी पथकं, समुद्रावर लक्ष ठेवणारे गावचे रक्षक, बचाव पथकं, यांना वर्षावर्षाच्या अनुदानावर टांगून ठेवू नका. आर्क्टिक जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय. आजोबांनी दाखवलेली वाट नातवाच्या पायाखाली फुटते. बर्फ मोजणाऱ्या ‘स्मार्ट-आइस’ या उपक्रमाची पोरं स्लेजच्या मागे संवेदक ओढत फिरतात आणि सकाळी नकाशा टाकतात: इथे जा, इथे जाऊ नका. त्या नकाशामुळे माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप संध्याकाळी घरी येतात. याला पथदर्शी प्रकल्प म्हणू नका. दक्षिणेत वाहतुकीच्या दिव्यांना कुणी पथदर्शी म्हणतं का?

टोरांटोच्या मंडळींना एकच विनंती. आपल्या खासदाराला हे पत्र पाठवा. गणपतीला आले की विचारा, वाचलंत का?

यंदाचं शेवटचं जहाज गेलं आहे. पुढच्या जहाजाची यादी आम्हाला वसंतात भरावी लागते. त्या यादीत किती पीठ लिहायचं, शेजारच्या घरासाठी वेगळं मागवायचं का, हे आपल्या उत्तरावर ठरेल. उत्तर एप्रिलच्या आत पाठवा. इनुक्टिटुटमध्ये पाठवलंत तर फळ्यावर तेच लावू.

आपली,
एक शिक्षिका
बॅफिन बेट, नुनावुत